चपलेच्या चकत्या आणि व्हरांड्यातला पंखा

बावीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. 'पाणी आपली पातळी स्वतः शोधतं' हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलं असेल, की शेवटी शेवटी खडूच ते आपणहून लिहायचा. पोरं वहीत उतरवायची, परीक्षेत लिहायची, मार्क मिळवायची. पुढं त्याच वाक्यावर माझी स्वतःची परीक्षा झाली आणि मी नापास झालो. परीक्षक होती शेळीची लेंडी.

सांगतो. लाजायचं वय आता राहिलं नाही.

शाळा उस्मानपुऱ्यात होती आणि घर बीड रस्त्याला. शहर इथं संपतं, इथं शांतता आहे, असं म्हणून आम्ही तिथं प्लॉट घेतला होता. शहराला ते कुणी कळवलं नव्हतं. घर बांधलं तेव्हा मागं ज्वारी होती आणि पुढं मोकळा माळ. चार-पाच वर्षांत ज्वारीच्या जागी प्लॉटचे दगड आले आणि माळावर इमारतींचे सांगाडे. आमची वसाहत गुंठेवारीची. रस्त्यासाठी ज्याला जेवढी जागा सोडावीशी वाटली तेवढी त्यानं सोडलेली. गल्लीत अकरा घरं, मधून सिमेंटचा एक पट्टा आणि त्याच्या कडेनं एकच बारीक पाइप. त्या पाइपावर अकरा नळ.

पहिलं घर एका निवृत्त एसटी कंडक्टरचं. आम्ही चौथे. अकराव्या, अगदी शेवटच्या घरात एक मावशी राहायच्या. त्या पाचोडकडच्या. त्यांची माणसं पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारी. नवरा गेल्यावर मेंढरं गेली, आणि मावशी शहरात येऊन गवंड्यांच्या हाताखाली कामाला लागल्या. माळावरच्या त्या सांगाड्यांना दिवसभर पाणी मारायचं हे त्यांचं काम. घरी आल्यावर प्यायला पाणी नाही ही त्यांची तक्रार. मेंढरांच्या जागी आता सात शेळ्या होत्या. त्यातली एक गाभण. 'ही माह्या मायच्या शेळीची पणती हाय,' असं त्या तिच्या पाठीवर थाप मारून सांगायच्या, आणि शेळीही खानदानी असल्यासारखी मान वर करायची.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. आदलंही दुष्काळाचंच होतं, त्यामुळं आता त्याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं, आणि आठवडा किती दिवसांचा हे दर आठवड्याला वेगळं ठरायचं. दुपारी तीनच्या सुमाराला लाइनमन सायकलवरून यायचा, लांब चावीनं कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि ओरडायचा, "छोड दिया रे भाई! अब आप जानो और आपकी गल्ली!"

मग गल्लीत एक विलक्षण आवाज सुरू व्हायचा. घूंऽऽऽ. प्रत्येकानं नळाला मोटार लावलेली. पहिल्या घराची मोटार दुसऱ्याचं पाणी ओढायची, दुसऱ्याची तिसऱ्याचं. पाऊण तास असं सगळ्यांनी सगळ्यांचं ओढलं की पाणी जायचं. मावशींकडं मोटार नव्हती. त्यांचा नळ त्या पाऊण तासात फक्त हवा आत ओढायचा. एकदा त्यांनी तोटीला ओलं फडकं बांधलं, तर नळानं ते गिळलं.

आता माझ्या मोटारीबद्दल सांगणं भाग आहे. गल्लीत सगळ्यांच्या मोटारी उघड्यावर होत्या. मी पडलो शिक्षक. विद्यार्थ्यांच्या पालकांना दिसायला नको, म्हणून मी ती व्हरांड्यातल्या एका फरशीखाली खड्ड्यात बसवली होती. तिचं बटणही वेगळं ठेवलं नव्हतं. वायरमनला सांगून व्हरांड्यातल्या पंख्याच्याच बटणावर जोडून घेतली होती. पंखा जुना, लोखंडी, इतका खडखडणारा, की त्याखाली मोटारीची घरघर ऐकू येणं शक्यच नव्हतं. पाण्याच्या दिवशी पंखा लावायचा, खाली हौद भरायचा आणि वर आपण वर्तमानपत्र वाचत बसायचं. एरवी त्या भट्टीसारख्या व्हरांड्यात बसतो कोण? ही युक्ती सर्वस्वी माझी होती आणि मला तिचा फार अभिमान होता.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या त्या आठवड्यात मावशी संध्याकाळी दारात आल्या.

"गुरुजी, शेळ्या पाचोडला न्याव म्हंते. बाजारी."

"विकायला?"

"मंग काय फिरवायला? माणसासाठी घागर मागून आणता येती. सात शेळ्यांसाठी रोज कोण देईल? अन् या दिसांत बाजारात नुसत्या शेळ्याच शेळ्या. पाळणारा कुणी नाय. घेतो तो खाटीक." हे सांगताना त्यांनी खांद्यावरचा पदर उगाचच नीट केला. "तीन पाण्याचे दिवस वाट बघते. नाय आलं नळाला, तर नेते."

मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी हमखास भाषण करतो. दुसऱ्याच दिवशी कंडक्टरसाहेबांच्या ओट्यावर अकरा घरांची बैठक बोलावली. पाणी सर्वांचं आहे, निसर्ग कुणाला पहिलं घर आणि शेवटचं घर असं मोजत नाही, वगैरे वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी म्हणालो, "सर्वांनी मोटारी बंद करू."

माना डोलायच्या थांबल्या.

"अन् दुसऱ्यानं चोरून लावली तर?" प्रश्न कंडक्टरसाहेबांचा होता, पण तो सगळ्यांच्याच तोंडावर होता.

"लेखी हमी घेऊ," मी म्हणालो. माझ्या पिशवीत फुलस्केप कागद तयारच होता.

मावशी उठल्या, घरी गेल्या आणि देव्हाऱ्यातली भंडाराची डबी घेऊन आल्या. "कागद कशाला? भंडार उचला. खंडोबा बघून घेईल."

मी ताबडतोब उभा राहिलो. हळद ही एक वनस्पती आहे, तिच्यात शपथ धरून ठेवण्याचा कोणताही गुणधर्म आजवर सापडलेला नाही, असं मी विज्ञानाच्या वतीनं सांगितलं.

"गुरुजी," कंडक्टरसाहेब म्हणाले, "तुमच्या शाईत हाय का तो गुणधर्म?"

लोक हसले. एकेका घरातून माणसं पुढं झाली, चिमूटभर भंडार उचलून कपाळाला लावून 'मोटार लावणार नाही' म्हणाली. माझ्या बायकोनं मला कोपरानं बाजूला सारलं आणि आमच्या घराच्या वतीनं तीही उचलून आली. मी एकट्यानं तत्त्वासाठी त्या फुलस्केपवर सही केली. त्या कागदावर शेवटपर्यंत तेवढी एकच सही राहिली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "उद्या वायरमनला बोलवा आणि ती मोटार काढा. मी भंडार उचललाय."

"वायरमन कशाला? मी विज्ञान शिकवतो."

मेन स्विच बंद करून मी स्क्रू-ड्रायव्हरनं व्हरांड्यातला बोर्ड उघडला. आत काळ्या वायरी. त्यातली जी मोटारीची वाटत होती ती मी पकडीनं तोडली, टोकाला टेप गुंडाळली, बोर्ड बंद केला. खात्री करायला पंखा लावून कान दिला. पंखा खडखडत होता. मोटारीचा आवाज अजिबात येत नव्हता. मी बायकोला म्हणालो, "बघ."

त्याच दिवसापासून आमच्या दारावरची बेल वाजेनाशी झाली. उन्हाळ्यात विजेचा दाब कमी-जास्त होतो, त्यानं बिघडली असणार, असं निदान मी केलं. आल्या-गेल्याला कडी वाजवायला सांगू लागलो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला आता एक नवी काळजी लागली. मोटारी बंद झाल्यावर पाणी उताराच्या दिशेनं धावणार. डांबरी रस्त्यावरून गल्लीत शिरताना माझी मोपेड खाली उतरते, म्हणजे गल्ली शेवटच्या घराकडं उतरती; म्हणजे आता सगळं पाणी धो-धो मावशींकडं जाणार आणि पहिली घरं कोरडी राहणार! हा नवा अन्याय मला आधीच दिसला. तो टाळायला मी प्रत्येक नळात रबरी चकती बसवायचं ठरवलं. चकतीला मधे भोक. वरच्या घराला मोठं भोक, उताराच्या घराला लहान. समान पाणी.

रबर कुठून आणायचं? अकरा घरांतून एकेक जुनी स्लीपर गोळा केली. दोन दिवस मी व्हरांड्यात बसून चपलांच्या तळव्यातून चकत्या कापत होतो आणि तापवलेल्या दाभणानं भोकं पाडत होतो. घरभर रबर जळल्याचा वास. बायको म्हणाली, "एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर हे दिवस आले." मी ऐकून घेतलं. मोठ्या कामात असं ऐकून घ्यावं लागतं.

कंडक्टरसाहेबांच्या चकतीतून बोट जात होतं. मावशींच्या चकतीतून सुई.

पहिला पाण्याचा दिवस उजाडला. लाइनमन ओरडला. गल्लीत कधी नव्हे ती शांतता. मी वही घेऊन व्हरांड्यात बसलो, उकडत होतं म्हणून पंखा लावला आणि प्रत्येक घराची नोंद घ्यायला सुरुवात केली. कंडक्टरसाहेबांच्या अंगणात कारंजं उडालं होतं. ते बादली, हंडा, टोप, सगळं भरून आता तांब्या शोधत होते.

पाऊण तासानं मावशी आल्या. आमच्या व्हरांड्याच्या पायरीवर त्यांनी एक पितळी तांब्या ठेवला. तो अर्धा होता.

"हे आलं," त्या म्हणाल्या. "नळाला सर्दी झाल्यावानी नाक गळलं नुसतं."

"मावशी, शास्त्राप्रमाणं तुमच्याकडं जास्त यायला पाहिजे. तुमचं घर उताराला आहे."

मावशींनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता. एखादं मूल चुकून उलटा सदरा घालून आलं तर बघतात तसं ते बघणं होतं.

"गुरुजी, दुष्काळाआधी म्या शेळ्या धुतल्या की पाणी कुणाच्या दारात यायचं?"

उत्तर मला चांगलंच माहीत होतं. कारण तेव्हा मी या विषयावर त्यांच्याशी निदान चार वेळा भांडलो होतो. 'मावशी, तुमच्या शेळ्यांचं पाणी रोज माझ्या दारात साचतं,' हे माझं वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होतं.

"तुमच्याच दारात यायचं ना? मंग ते चढून यायचं व्हय?"

मी तरीही म्हणालो, की ते मातीच्या उंचसखलपणामुळं होत असावं. मावशी उठल्या. पट्ट्यावर शेळ्यांनी टाकलेल्या लेंड्यांतली एक वाळलेली, गोल गरगरीत लेंडी त्यांनी उचलली, आपल्या घराच्या बाजूला चार पावलं जाऊन सिमेंटवर ठेवली आणि बोटानं टिचकी मारली. लेंडी निघाली. रमतगमत, थांबेल थांबेल वाटत असताना न थांबता, ती माझ्या पायापर्यंत आली आणि चपलेला टेकली.

"हा सगळा माळ आमच्या पायाखालचा," मावशी म्हणाल्या. "पाचोडहून मेंढरं घेऊन आलो की हितंच चारायचो आम्ही. माह्या घराचा तुकडा सगळ्यात उंच, म्हणून तर सासरा तिथं राखणीला बसायचा. रोडवर डांबरावर डांबर टाकून त्यांनी रोड उंच केला. तुमी रोडवरून उतरता तेवढंच बघता. पुढं चढ हाय."

पुढं खरंच चढ होता. माझी मोपेड त्या टोकाला जाताना दरवेळी दम टाकायची आणि मी त्यासाठी दोनदा कार्बोरेटर साफ करून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावरून येताना गवंड्याची पारदर्शक नळी मागून घेऊन आल्या. पाणी भरलेली ती लांब नळी दोघांनी दोन टोकांना धरायची. दोन्हीकडं पाणी जिथं थांबतं ते एकाच उंचीचं निशाण. फळ्यावरची माझी पाण्याची पातळी ती हीच. मी ती चित्रात काढत आलो होतो, मावशी रोज हातात धरत होत्या. "हलवू नका गुरुजी, धरा नीट. आमचा मिस्त्री असता तर शिव्या घातल्या असत्या." मी नीट धरली. घरामागून घर मोजत आम्ही गेलो. कंडक्टरसाहेबांच्या दारापासून मावशींच्या दारापर्यंत कमरेएवढा चढ निघाला.

मी पुन्हा अकरा चपला गोळा केल्या. या खेपेला लोकांनी त्या देताना बरंच काही बोलून दिल्या. मावशींच्या चकतीतून आता अंगठा जात होता.

दुसऱ्या पाण्याच्या दिवशी मावशींच्या नळाला पाणी आलं. पहिली घागर भरेपर्यंत चांगली बोटभर धार होती, आणि मग एकाएकी गेली. मधे एकदा पुन्हा आली, पुन्हा गेली. मी व्हरांड्यात पंख्याखाली नोंदी करत होतो. 'शेवटच्या घरी प्रवाह अनियमित' असं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं. प्रवाह परत आला ती वेळही लिहिली होती. मी चहा प्यायला आत गेलो होतो आणि जाताना बचतीच्या सवयीनं पंखा बंद केला होता, एवढं मात्र लिहायचं राहिलं.

दोन घागरी. सात शेळ्यांना दोन घागरी किती दिवस पुरणार?

"कुणीतरी मोटार लावतंय," मी जाहीर केलं.

त्याच आठवड्यात बायकोनं मला विचारलं, "अहो, आपला हौद एवढा भरतोच कसा? चकती तर आपल्याही नळाला आहे."

"काटकसर," मी म्हणालो. "मी हल्ली दाढीला एकच वाटी पाणी घेतो, ते तुझ्या लक्षात आलं नसेल." एवढ्यावरही भागलं नाही. मावशी येऊन "तुमचा हौद बरा भरतो गुरुजी," म्हणाल्या तेव्हा त्यांनाही मी पंधरा मिनिटं काटकसर शिकवली. ज्या बाईनं अर्ध्या तांब्यात भांडी विसळलेली मी पाहिली होती, तिला! हे आठवलं की आजही मी आरशात स्वतःकडं न बघता दाढी करायचा प्रयत्न करतो.

तिसरा पाण्याचा दिवस पाचोडच्या बाजाराच्या आदल्या दिवशीच आला. सकाळी मावशींनी शेळ्यांच्या गळ्यात दोऱ्या बांधल्या. गाभण शेळीला त्यांनी दोरी बांधली आणि मग सोडली, पुन्हा बांधली. ते मी माझ्या दारातून पाहिलं आणि ठरवलं, आज चोर पकडायचा.

संशय कुणावर घ्यायचा हे उघड होतं: पहिलं घर. दुपारी पाणी सुटल्यावर चार-पाच माणसं घेऊन मी कंडक्टरसाहेबांकडं गेलो आणि म्हणालो, "साहेब, तपासणी करायची आहे."

"करा की. तिकीट चेकिंगच म्हणा," ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा पडला होता. मी त्यांच्या मोरीत वाकलो, माडीवर चढलो, धान्याच्या कोठीमागं बॅटरी मारली. मोटार नव्हती. त्यांच्या पत्नीनं सांगितलं, भंडार उचलल्याच्या दुसऱ्या दिवशीच यांनी ती गावी भावाला देऊन टाकली. "खंडोबाशी कोण खेळतो?"

आणि या सबंध अर्ध्या तासात गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून मावशींचा आवाज येत होता, "आलंय! लई चांगलं आलंय! धार हाय!"

मला फार ओशाळल्यासारखं झालं. कंडक्टरसाहेबांची समजूत काढायला मी त्यांना आमच्या व्हरांड्यात चहाला घेऊन आलो. बाकीचेही आले. घामाघूम झालेला पाहुणा बसतोय म्हणून मी आदरानं पंखा लावला.

"गेलं!" मावशी ओरडल्या.

"बघा," मी म्हणालो, "आपण इकडं आलो आणि तिकडं कुणीतरी लावली."

एवढ्यात वीज गेली. पंखा थांबला.

"आलं!"

दोन मिनिटांनी वीज आली. पंखा खडखडला.

"गेलं गं माय!"

कंडक्टरसाहेबांनी कप खाली ठेवला. ते पंख्याकडं बघत होते. तीस वर्षं गाडीत कोण तिकीट न काढता बसलंय ते नुसतं पाठीवरून ओळखणारा तो माणूस. ते सावकाश उठले, बोर्डाजवळ गेले आणि बटण बंद केलं.

"आलं!"

चालू केलं.

"गेलं!"

"हा योगायोग आहे," मी म्हणालो. "एक-दोनदा घडलं म्हणून शास्त्रात काही सिद्ध होत नाही. प्रयोग पुन्हा पुन्हा करून तोच निष्कर्ष आला पाहिजे."

"व्हय का?" साहेब म्हणाले, आणि त्यांनी तो प्रयोग पुन्हा पुन्हा केला. खट्. "आलं!" खट्. "गेलं!" खट्. "आलं!" शेवटी शेवटी सगळी गल्ली मावशींच्या बरोबरीनं ओरडायला लागली. मग त्यांनी बंद बटणावर बोटानं दोनदा टकटक केलं. "डबल बेल, गुरुजी. गाडी इतके दिवस तुमच्याच स्टॉपावर उभी होती."

बायको पुढं झाली. तिनं खुर्ची सरकवली, फरशी उचलली आणि आत हात घातला. मोटार तव्यासारखी तापली होती. "मी भंडार उचललाय हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्या क्षणी हळदीचा एकही गुणधर्म आठवेना.

"मी वायर तोडली होती!" मी ओरडलो. "याच हातानं तोडली होती!" स्क्रू-ड्रायव्हर आणून सगळ्यांसमोर बोर्ड उघडला. टेप गुंडाळलेलं टोक तिथं होतं. कंडक्टरसाहेबांनी त्या वायरीवरून बोट वर वर नेलं, चौकटीपर्यंत, चौकटीवरून दाराबाहेर, आणि तिच्या शेवटी होती आमची बेल.

मावशी तोपर्यंत ओल्या पायांनी पोचल्या होत्या. काय झालं ते त्यांना एकाच वेळी सातजणांनी सांगितलं. मला वाटलं, आता त्या बोलतील ते मला जन्मभर पुरेल. त्या पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडात धरला. "म्हंजी गुरुजी, तुमी बसून लिहायचे, 'मावशीचं पाणी गेलं,' अन् त्याच वक्ताला खाली तुमचा हौद..." त्यांना पुढं बोलवेना.

"कागदाला सही केली होती ना?" कंडक्टरसाहेब म्हणाले. "हळद लावली असती तर बेलच्या जागी बरोबर वायर तुटली असती."

मी स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला.

पाणी जायला अजून थोडा वेळ होता, पण मावशींचा आधीच्या दोन खेपांचा वाटा गेला होता तो गेलाच होता. तो माझ्या हौदात होता. हौद खाली, त्यांचं घर वर. पाणी काही आपणहून चढणार नव्हतं, हे आता मला शिकवायची गरज नव्हती. बादल्या घेऊन माणसं निघालीही होती. तेव्हा मी त्या दिवसातली एकमेव शहाणी गोष्ट केली. ती गरम मोटार खड्ड्यातून काढली, तिचं तोंड हौदात सोडलं, सगळ्या घरांतले रबरी पाइप एकाला एक जोडले आणि पंख्याचं बटण दाबलं. गल्लीभर पडलेल्या त्या पाइपानं एकदा अंग झाडलं आणि पाणी चढावरून मावशींच्या दगडी डोणीत जाऊन पडायला लागलं. डोण भरली, टाकी भरली, रिकामा पिंप भरला. शेळ्या रांगेत उभ्या राहून प्याल्या. पंखा डोक्यावर खडखडत होता आणि त्याच्याखाली यावेळी कुणीही बसलं नव्हतं. हौदाचा तळ दिसला तेव्हा मी बटण बंद केलं.

मावशींनी दोऱ्या सोडल्या. गाभण शेळीची सगळ्यात आधी.

त्यानंतर गल्लीनं पाण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं, हे ओघानंच आलं. चकत्या, नळी आणि कोणत्या घरात किती भोक हे मावशी बघू लागल्या. त्यांनी प्रत्येक घरी स्वतः घागर मांडून बघितली आणि भोकं तीनदा बदलली. चौथ्या वेळेला कुणाची तक्रार राहिली नाही. पाणी तेवढंच होतं, फार नव्हतंच. पण शेवटच्या घरी ते पोचत होतं. मी पाण्याच्या दिवशी व्हरांड्यात बसायचो, हातात ताडाच्या पानाचा पंखा घेऊन. लोखंडी पंख्याचं बटण कंडक्टरसाहेबांनी टेप लावून बंद करून टाकलं होतं, आणि जाता-येता ते टेप जागेवर आहे का बघून जायचे.

तो पाचोडचा बाजार मात्र मावशींनी चुकवला नाही. हौद रिकामा केला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन येत होतो, तर त्या एकट्याच मोकळ्या हातानं बस स्टॉपकडं निघालेल्या.

"मावशी, आता कशाला?"

"आता बाजार बघायला. इतके दिस विकायच्या धास्तीनं त्याच्याकडं धड बघवत नव्हतं."

संध्याकाळी त्या परत आल्या. मी व्हरांड्यातच होतो. त्यांनी पिशवीतून एक पितळी घंटा काढली. शेळीच्या गळ्यात बांधतात तसली, बोरापेक्षा थोडी मोठी, तांबड्या दोरीत ओवलेली.

"धरा. तुमची बेल तुटली म्हनं."

मी ती चौकटीला बांधली. वायरमन पुढं येऊन गेला, मोटारीची वायर तोडून गेला, बेलची जोडायची का म्हणून विचारून गेला. मी नको म्हणालो. गेली कित्येक वर्षं आमच्या दारावर ती घंटाच आहे. शाळेतली जुनी मुलं भेटायला येतात, ती वाजवतात आणि आत आल्यावर विचारतात, "सर, शेळी पाळली का?"

त्या उन्हाळ्यात गाभण शेळीनं दोन करडं दिली. पाला चघळायला लागल्याबरोबर ती उतारानं थेट आमच्या दारात आली आणि पहिल्याच दिवशी त्यांनी व्हरांड्यातली माझी नोंदवही खाल्ली. ज्यावर 'प्रवाह अनियमित' होतं, नेमकं तेच पान आधी.